सुखनिवासच्या माळावर घडलेला प्रकाश

मोठ्या यंत्राचं अप्रूप जबलपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९०४ साली इथे तोफांचे गाडे बनवणारा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, पुढे वाहन कारखान्यातून शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागले. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरं या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. पण मध्य प्रदेशात माणसाच्या हातांनी घडवलेलं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात अवघड यंत्र कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी इंदूरकडे बोट दाखवीन. तिथे सुखनिवास तलावाकाठच्या माळावर १७२ मीटर घेराचं एक कडं आहे. त्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. त्याचं नाव इंडस-२.

जबलपूरचा या यंत्राशी एक संबंध तर थेट तारेचा आहे. राज्याची वीज कुठून किती घ्यायची, कुठे किती सोडायची याचा तोल जबलपूरच्या नयागावमधल्या भारप्रेषण केंद्रातून सांभाळला जातो. दुसरा संबंध जुना आहे, शाळा-कॉलेजांच्या वाटेनं आलेला. तो सांगायचा तर बराच मागे जावं लागतं.

सागर आणि जबलपूर या गावांचं नशीब मराठ्यांच्या काळापासून एकमेकांत गुंतलेलं आहे. पेशव्यांचे बुंदेलखंडातले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांनी सागरला ठाणं वसवलं. त्यांच्या मागे आलेली मराठी घरं तिथेच रुजली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं आणि जबलपूर त्यांच्याकडे आलं. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. इंग्रजांनी १८३६ साली सागरला एक शिक्षणसंस्था सुरू केली आणि १८७३ मध्ये ती उचलून जबलपूरला नेली. तेच पुढचं रॉबर्टसन कॉलेज, आजचं शासकीय विज्ञान महाविद्यालय. सागरच्या हाती त्या वेळी काही उरलं नाही.

त्र्याहत्तर वर्षांनी ही भरपाई झाली. सागरचेच डॉ. हरिसिंग गौर हे मोठे कायदेपंडित, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांनी आयुष्याची कमाई ओतून १९४६ च्या जुलैत सागर विद्यापीठ उभं केलं. सुरुवात झाली ती मकरोनियातल्या लष्करी बराकींत. आता जबलपूरची कॉलेजं सागरला जोडली गेली. १९५६ मध्ये जबलपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळेपर्यंत तिथल्या मुलांच्या पदव्यांवर सागरचा शिक्का असे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर आणि जबलपूर यांचा एकत्र प्रांत मोडला. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला हायकोर्ट आलं. राजधानी हुकल्याची रुखरुख जबलपूरकरांच्या बोलण्यात अजून येते. मला स्वतःला राजधानीपेक्षा त्या बराकींमधलं विद्यापीठ जास्त मोलाचं वाटतं. कारण याच सागरात १९४० मध्ये दिलीप देवीदास भवाळकर जन्माला आले आणि याच विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र शिकून एमएस्सी केलं. मग इंग्लंडात साउदम्प्टनला जाऊन लेझरमध्ये पीएच.डी. केली आणि परत येऊन मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले. इंडस-२ घडवणाऱ्या इंदूरच्या संस्थेचे ते पहिले संचालक.

इंडस-२ हे एक कणत्वरक आहे. कणत्वरक म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना विजेच्या जोरावर ढकलत ढकलत प्रचंड वेग देणारं यंत्र. अमेरिकेत अर्नेस्ट लॉरेन्सनं १९३०-३१ मध्ये तळहातावर मावेल असा पहिला सायक्लोट्रॉन केला तेव्हापासून अणूच्या गाभ्यात शिरायचा हा राजमार्ग झाला. भारतात मेघनाद साहांनी ही गरज फार लवकर ओळखली. त्यांचे विद्यार्थी बी. डी. नाग चौधरी बर्कलेला लॉरेन्सकडे शिकून आले आणि १९४१ पासून कलकत्त्यात सायक्लोट्रॉनची जुळवाजुळव सुरू झाली. पण युद्ध पेटलेलं होतं. निर्वात पंप घेऊन निघालेलं जहाज समुद्रात बुडालं. परदेशी पंप आले नाहीत, आणि तसे पंप करणारं देशात कुणी नव्हतं. ते यंत्र पुढे वर्षानुवर्षं रखडलं. बुडालेल्या त्या पंपांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्राचं तत्त्व कलकत्त्याला बर्कलेइतकंच ठाऊक होतं. कमी पडले ते कारखाने, वेल्डर, लेथवर काम करणारे हात. कलकत्त्यात देशी बांधणीचा मोठा सायक्लोट्रॉन चालू झाला तो १९७७ मध्ये.

मधल्या काळात एक वेगळाच शोध लागला होता, तोही न शोधता. २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या सिंक्रोट्रॉनची, म्हणजे कणांना ठरलेल्या कड्यात फिरवणाऱ्या त्वरकाची, चाचणी चालली होती. त्या यंत्राची काचेची नळी बाहेरून दिसायची. संरक्षक भिंतीच्या आडून आरशात बघणाऱ्या तंत्रज्ञाला नळीत झगझगीत प्रकाश दिसला. आधी ठिणगी पडतेय असं वाटलं. पण तो प्रकाश इलेक्ट्रॉनच देत होते. ओली छत्री गरकन फिरवली की थेंब कडेनं सरळ रेषेत उडतात, तसे वळण घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन वळताना स्पर्शरेषेत प्रकाश फेकतात. कणभौतिकीवाल्यांना ही पीडाच होती, कारण मेहनतीनं दिलेली ऊर्जा अशी गळून जायची. पण ऊर्जा वाढवत नेली की हाच प्रकाश अतिनील आणि क्ष-किरणांपर्यंत पोचतो आणि दवाखान्यातल्या क्ष-किरण नळीपेक्षा लाखो पटींनी प्रखर असतो, हे ध्यानात आल्यावर रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, धातुशास्त्रज्ञ सगळे या यंत्रांकडे धावले. निव्वळ हा प्रकाश मिळवण्यासाठी कडी बांधली जाऊ लागली. वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल मिळालं ते पेशीतल्या रायबोसोमच्या रचनेसाठी. त्या रचनेचा उलगडा अशाच कड्यांच्या प्रकाशात झाला.

भारताकडे १९८० च्या सुमारास असं एकही कडं नव्हतं. अणुऊर्जा विभागात राजा रामण्णांच्या पुढाकारानं लेझर आणि त्वरक या दोन विषयांसाठी मुंबईबाहेर नवं केंद्र काढायचं ठरलं आणि जागा मिळाली इंदूरला, होळकरांच्या सुखनिवास महालाजवळ. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. मे महिन्यात बांधकाम लागलं. जून १९८६ मध्ये भाभा केंद्रातल्या शास्त्रज्ञांची पहिली तुकडी इंदूरला राहायला आली. १९८७ पासून २००३ पर्यंत संचालकपदी भवाळकर होते. ते स्वतः लेझरवाले. त्वरकांची धुरा एस. एस. राममूर्तींनी वाहिली.

मुंबई सोडून या माळावर संसार थाटणाऱ्या त्या माणसांचा विचार केला की मन भरून येतं. बंगळूर-मुंबईसारखी सुटे भाग पुरवणारी बाजारपेठ हाताशी नव्हती. आणि ठरवलं होतं ते असं, की कडं बाहेरून विकत आणायचं नाही, इथेच घडवायचं.

घडवायचं म्हणजे काय काय? आधी इलेक्ट्रॉन हवेत. ते लँथनम हेक्झाबोराइडचा छोटासा स्फटिक तापवून मिळवायचे. मायक्रोट्रॉन नावाच्या पहिल्या यंत्रात त्यांना २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत न्यायचं. तिथून ते २८ मीटर घेराच्या बूस्टर सिंक्रोट्रॉनमध्ये जातात. बूस्टर त्यांना ४५ कोटींवर (इंडस-२ साठी ५५ कोटींवर) चढवून साठवण-कड्यात सोडतो. वळवायला चुंबक लागतात आणि त्यांच्या लोखंडाच्या पत्र्यांची कापणी इतकी नेमकी हवी की एकाचं क्षेत्र दुसऱ्याच्या क्षेत्राशी हजारात एका भागाच्या आत जुळावं. इलेक्ट्रॉन धावतात त्या नळीत हवा जवळजवळ नसावी लागते. बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास दाब ठेवावा लागतो, नाहीतर हवेच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन काही क्षणांत संपतात. इंडस-२ ची नळी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो सांगेल की सांधा मजबूत करणं वेगळं आणि हवेचा रेणूही झिरपणार नाही असा करणं वेगळं. एका सांध्यात केसाहून बारीक छिद्र राहिलं की सगळा विभाग पुन्हा उघडा, पुन्हा धुवा, पुन्हा तापवून कोरडा करा. कलकत्त्याला ज्या निर्वातानं अडवलं होतं, ते निर्वात इंदूरला असं सांध्या-सांध्यानं मिळवलं गेलं.

१९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अणुऊर्जा विभागाच्या संस्थांवर निर्बंध आले आणि बाहेरून यायची सामग्री अडू लागली. तशात १९९९ मध्ये इंडस-१ चालू झालं. भारताचा पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत. घेर १९ मीटरांहूनही कमी, चार वळण-चुंबक, ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जगाच्या मानानं ते लहान होतं आणि त्याचा प्रकाश अतिनील ते मृदू क्ष-किरणांपर्यंतच जात होता. पण ते चाललं, आणि पुढचं मोठं कडं घडवायची हिंमत त्यातून आली.

याच वर्षांत इंदूरचं नाव जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पोचलं. १९९१ मध्ये भारत आणि सर्न यांच्यात सहकार्याचा करार झाला होता. १९९६ मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडर बांधायला भारतानं हातभार लावायचं ठरलं आणि भारतीय बाजूनं सूत्रं इंदूरकडे आली. हातभार रोख रकमेचा नव्हता. वस्तू आणि माणसांचं कौशल्य द्यायचं होतं. कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रत्येकी १५ मीटर लांबीचे, तीसएक टनांहून जड असे अतिसंवाहक चुंबक ओळीनं बसवायचे होते. प्रत्येक चुंबक तीन जॅकवर उभा. ट्रकखाली लावायच्या जॅकचं काम वजन उचललं की संपतं. इथे मात्र तेवढं वजन पेलून चुंबकाला मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या नेमकेपणानं सरकवता आलं पाहिजे आणि मग तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला पाहिजे. असे सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. त्यांची रचना सर्न आणि इंदूर यांनी मिळून पक्की केली. ते घडवण्यात इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूमचाही वाटा होता. शिवाय दुरुस्ती-चुंबक गेले, चुंबकांच्या संरक्षणासाठी लागणारी विद्युत उपकरणं गेली आणि भारतीय अभियंत्यांच्या तुकड्या आळीपाळीनं जिनिव्हाला राहून मुख्य चुंबकांच्या चाचण्या करत राहिल्या. २००२ मध्ये सर्ननं भारताला निरीक्षक देशाचा दर्जा दिला. जून २००४ मध्ये भारतानं भेट दिलेली नटराजाची मूर्ती तिथल्या आवारात बसली. मूर्तीचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. बोगद्यातल्या जॅकचे फार थोड्यांनी. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली तेव्हाही त्या चुंबकांखाली ते जॅक उभे होतेच.

इकडे इंडस-२ ची बांधणी चालू होती. १६ वळण-चुंबक, बीमला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताला, आवळून ठेवणारे ७२ चतुर्ध्रुवी चुंबक, ३२ षट्ध्रुवी. डिसेंबर २००५ मध्ये कड्यातून पहिला प्रकाश दिसला आणि १७ डिसेंबरला पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी हे यंत्र देशाला अर्पण केलं. आदल्या वर्षी रामण्णा गेले होते, म्हणून केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि लोकांना वाटलं काम झालं.

काम तेव्हा सुरू झालं. इंडस-२ ला बूस्टरकडून इलेक्ट्रॉन मिळतात ते ५५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. आधी तेवढ्यावर थेंबाथेंबानं साठा करायचा आणि मग साठलेला सगळा बीम अडीच अब्जांपर्यंत चढवायचा. चढवताना शंभराहून जास्त चुंबकांचे वीजप्रवाह एका लयीत वाढले पाहिजेत. एखादा जरा मागे राहिला की बीम भिंतीला लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरणं आलं. अडीच अब्जांवर गेल्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीला सहा लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा प्रकाश म्हणून देऊन टाकतो. रेडिओ-लहरींच्या पोकळ्यांनी ती फेरी संपायच्या आत त्याला परत द्यायची. या पोकळ्यांना शक्ती देणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळ्या परदेशी होत्या आणि त्यांची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. तेव्हा इंदूरच्या मंडळींनी शेकडो लहान ट्रान्झिस्टर-मोड्यूल एकत्र जोडून घन-अवस्था ॲम्प्लिफायर घडवले. त्यातला एखादा मोड्यूल बंद पडला तरी यंत्र चालू राहतं. कमतरतेपोटी घेतलेला हा निर्णय पुढे दूरदर्शी ठरला. जगातल्या इतर काही कड्यांनीही हीच वाट धरली आहे.

आणि वीज. क्षणभराचा डिप आला तर घरातला दिवा फक्त लुकलुकतो. इंडस-२ मध्ये मात्र तेवढ्यात चुंबकांचे वीजपुरवठे ट्रिप होतात आणि ‘बीम गेला’ ही आरोळी नियंत्रण कक्षात उठते. त्या क्षणी कुठल्या तरी बीमलाइनवर, म्हणजे कड्यातला प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटेवर, कुणाचा तरी नमुना अर्ध्यावर मोजून झालेला असतो. मग सगळं शून्यावर आणा, चुंबक ठरलेल्या चक्रातून फिरवून पूर्वपदावर आणा, पुन्हा साठा करा, पुन्हा चढवा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की पाळीवरचे लोक आभाळाकडे बघतात. नयागावच्या पडद्यावर तो डिप आलेखातली एक बारीकशी खाच म्हणून उमटत असेल; इंदूरला त्या खाचेत कुणाची तरी पाळी जाते.

हा कुणाचा तरी नमुना कुणाचा असतो, इथे मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं काही दिसतं. अशी यंत्रं बांधणारे लोक ती स्वतःपुरती ठेवू शकतात. इंदूरनं तसं केलं नाही. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या संशोधकानं प्रस्ताव पाठवावा, तो तज्ज्ञांना पटला की बीमटाइम मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून चालवलेली संशोधन संस्था इंदूरलाच आहे. तिनं स्वतःच्या बीमलाइनी उभ्या केल्या आणि लहान विद्यापीठांतल्या मुलांना हाताशी धरून हे तंत्र शिकवलं. जबलपूरहून रात्री ओव्हरनाइट एक्सप्रेसनं निघालेला विद्यार्थी सकाळी इंदूरला उतरतो आणि ज्या उपकरणासाठी त्याच्या गुरूंच्या पिढीला ट्रिएस्ट किंवा हॅम्बर्गचा व्हिसा काढावा लागायचा त्याच्यासमोर उभा राहतो. छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला लावायचा. शिशाच्या अस्तराच्या खोलीत नमुना बसवायचा, खोली रिकामी आहे याची खात्री करून दार लावायचं, किल्ली फिरवायची. मगच शटर उघडतं. मातीच्या नमुन्यातलं आर्सेनिक कोणत्या रूपात आहे, म्हणजे ते पिकात चढेल की मातीतच अडकून राहील, हे इथे कळतं. उत्प्रेरकातल्या धातूचा अणू शेजाऱ्यांपासून किती अंतरावर आहे ते कळतं. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी भाभा केंद्रानं उभी केलेली वेगळी बीमलाइन आहे. रात्रीची पाळी असली तर मुलं चहा पीत आलेख वाढताना बघत बसतात आणि यंत्रावरचे लोकही त्यांच्याबरोबर जागतात.

केंद्राच्या कामाचा विस्तार कड्यापुरता राहिला नाही. मंगळूर विद्यापीठाला इंदूरनं मायक्रोट्रॉन करून दिला. भवाळकरांच्या काळात शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेझर झाले. कॅन्सरच्या दवाखान्यात रुग्णाभोवती फिरणारं लिनॅक हेही मुळात इलेक्ट्रॉनचंच त्वरक. मुंबईच्या समीर संस्थेनं त्याचं ‘सिद्धार्थ’ हे देशी रूप केलं आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात लागलं, विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्या माणसांसाठी. कोलायडर, इंडस आणि सेवाग्रामचं लिनॅक ही एकाच विद्येची तीन रूपं आहेत, आणि शेवटचं रूप माणसाच्या सगळ्यात जवळ येतं.

इंदूरमध्येही असंच एक रूप भर बाजारात आहे. चोइथराम मंडीच्या परिसरात, कांद्या-बटाट्यांच्या ट्रकांच्या गर्दीजवळ, केंद्रानं स्वतः घडवलेले १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे लिनॅक बसवले आहेत. मुळात ते शेतमालावर प्रक्रिया करायला म्हणून तिथे आले. आता तिथे वैद्यकीय सामानाचं निर्जंतुकीकरणही होतं. सीलबंद खोकी सरकत्या पट्ट्यावरून जाडजूड काँक्रीटच्या भिंतीआड जातात आणि काही क्षण इलेक्ट्रॉनच्या झोताखालून सरकतात. उष्णता लागत नाही, रसायनाचा वास राहत नाही, खोकं उघडावंही लागत नाही. दुसऱ्या टोकाला हमाल ती उतरवून टेम्पोत भरतात, आणि टेम्पो निघतात.